एकदा कमी म्हणजे कमी नाही

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमची रक्त तपासायची लॅब डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना सापडायची. गल्लीच्या तोंडाशी आलं की सरांचा आवाज यायचा, "दाढी कितने दिन में बनाते हो, भैया?" समोरचा माणूस काहीतरी पुटपुटायचा. मग सर आणखी मोठ्यानं, "हफ्ते में दो बार? और पहले? पहले रोज? मंग हे कवापासून कमी झालं?" हिंदीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवायची त्यांना सवय होती. समोरच्याला कळलं नाही तरी चालायचं, पण उत्तर मिळाल्याशिवाय सुई पाकिटाबाहेर निघायची नाही. समोरच्या किराणावाल्याला अर्ध्या रायपूरच्या दाढ्या पाठ होत्या.

दाढीचा तेवढा प्रश्न गल्लीभर. बाकीचे प्रश्न मात्र दार लावून, खुर्ची जवळ ओढून, अगदी हळू आवाजात. तेव्हा हा तोच माणूस आहे यावर विश्वास बसायचा नाही.

मी तिथं लागले तेव्हा भोपाळपासून वेगळं झालेलं आमचं राज्य नवीन होतं आणि माझी पदवीसुद्धा. बाबा रेल्वेत खलाशी, आई अंगठा उठवणारी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी तेव्हाही सांगत फिरायचे आणि आताही सांगते. काय दिवस होते ते! रोज एक नवीन पाटी, रोज एक नवीन खातं, गल्लीत सायकलरिक्षांच्या मागे अडकून पडलेली लाल दिव्याची गाडी. दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरलं तेव्हा सर म्हणाले, "पाह्य, सरकार जन्मल्याबरोबर भरती झालं."

मुलाखतीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. शेवटपर्यंत ते मला 'बीएस्सीबाई'च म्हणत. सर्टिफिकेट उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "सांग, बाईच्या अंडाशयाले अन् माणसाच्या अंडकोषाले कामाले कोण लावते?"

मी तोऱ्यात म्हटलं, "पिट्युटरी ग्रंथी. मेंदूच्या खाली असते."

"भोपाळ!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "भोपाळहून आदेश सुटते, इथं रायपूरची फॅक्टरी माल काढते. माल कमी पडला तर आधी काय पाहाचं? आदेशावर आदेश येऊन राहिले अन् माल नाही, तर फॅक्टरी बंद. आदेशच नाही, तर भोपाळ झोपलं. समजलं?"

"सर, आता तर राजधानी इथंच आहे."

"माणसाच्या आंगात अजून राज्य वेगळं झालं नाही, बीएस्सीबाई. उद्या सात वाजता ये."

त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक चौकट होती. लोक डिग्री लावतात, देव लावतात. सरांनी स्वतःचा रक्ताचा रिपोर्ट काच बसवून लावला होता. टेस्टोस्टेरॉनपुढे लाल शाईत 'कमी', आणि त्याखाली वेगळ्या तारखेचा दुसरा रिपोर्ट, तिथंही 'कमी'. वयात येता येता त्यांना गालफुगी झाली, ती खाली अंडकोषांत उतरली, दोन्ही सुकले. पस्तीस वर्षांचे होईपर्यंत कोणी तपासलंच नाही. मिशी नीट फुटत नव्हती, दिवसभर मरगळ, बारीकसारीक गोष्टींवर रडू. लोक आळशी म्हणत, आणखीही काय काय म्हणत. मग एका डॉक्टरनं इंजेक्शनं सुरू केली. डबा घेऊन येणाऱ्या त्यांच्या बायकोला मी एकदा विचारलं, काही फरक पडला का हो? ती म्हणाली, "आधी बोलत नव्हते. आता थांबत नाहीत."

ती चौकट फार कामाची होती. मान खाली घालून आलेला पुरुष ती वाचायचा, मग सरांकडे पाहायचा, मग पुन्हा वाचायचा. त्यानंतर तो बोलायचा. एकजण तर सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "आपने तो दीवार पर टाँग दिया, मैं बीवी को भी नहीं बोला था।"

"हार्मोन म्हणजे फक्त पलंग नाही बाप्पा," सर सांगत. "हाड आहे, झोप आहे, जिना चढाची ताकद आहे, हसू आहे. माणसाचं कमी झालं तरी सगळं ढिलं पडते, बाईचं कमी झालं तरी पडते. फक्त माणसाले लोक नामर्द म्हणतात अन् बाईले चिडकी." बायकांसाठी त्यांचा ठरलेला प्रश्न वेगळा होता. "रात्री पंखा कोणाच्या बाजूनं असते?" ज्या बाईनं पंखा स्वतःकडे ओढलेला असेल, तिला पुढचं सगळं विचारायचं.

आणि घड्याळ! पुरुषाचं हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दुपारी उतरतं, हे पुस्तकात मीही वाचलं होतं. सर ते जगत होते. साडेनऊ झाले की रक्त घ्यायच्या खोलीला कुलूप. एकदा कोण्या मोठ्या साहेबांचा माणूस भर दुपारी गाडी घेऊन आला. साहेब गाडीत बसलेत, अर्जंट आहे म्हणाला. सर दारातूनच म्हणाले, "साहब को बोलो, कल सुबह आठ बजे, रात को सो के।" तो म्हणाला, आप जानते नहीं कौन हैं। सर म्हणाले, "राज्य नया है भैया, सूरज पुराना ही है।" गाडी धूळ उडवत गेली. मला वाटलं, आता लॅब बंद होते. दुसऱ्या दिवशी पावणेआठला साहेब स्वतः बाकावर बसले होते, आणि सर त्यांना गल्लीभर आवाजात दाढीचं विचारत होते.

पण सगळ्यात मोठा नियम म्हणजे, पहिला रिपोर्ट कमी आला तर तो हातात द्यायचा नाही. त्यावर 'पुन्हा' लिहायचं आणि माणसाला परत बोलवायचं. "एकदा कमी म्हणजे कमी नाही. ताप असन, जागरण असन, टेन्शन असन. दोनदा कमी आलं तर डॉक्टरकडं पाठवा." हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकायचे. मला ते इतकं पाठ झालं की ऐकू येईनासं झालं.

माझी ताई रायपूरमध्येच, पुरानी बस्तीत दिलेली. भाऊजी लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर, माणूस गरीब स्वभावाचा, बोलणं कमी. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नव्हतं, आणि आठ महिन्यांपासून ताईची पाळीच येत नव्हती. सासूनं राजनांदगावकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. हे लपवूनही ठेवलं नव्हतं. ताईसमोरच म्हणायची, "पोट्टी गोरी आहे." दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर ताईची पेटी आमच्या क्वार्टरमध्ये येणार, हे आमच्या घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं. आईचं जेवण कमी झालं होतं.

त्याच सुमारास लॅबमध्ये नवीन मशीन आलं. आतापर्यंत हार्मोनची सँपलं बाहेर पाठवायचो, आता आमच्या हातानं! शहाण्णव छोट्या खळग्यांची प्लेट, त्यात थेंब थेंब टाकायचं, थांबायचं, धुवायचं, आणि शेवटी डोळ्यांदेखत पिवळा रंग चढायचा. टेस्टोस्टेरॉनच्या प्लेटची गंमत म्हणजे तिथं उलटं असतं, जितका रंग गडद तितकं हार्मोन कमी. पहिली प्लेट लावली त्या दिवशी सर आणि मी दोघंही चहा विसरलो. सर लहान पोरासारखे वाकून पाहत होते, "चढून राहिला, चढून राहिला!"

मी ताईला सांगितलं, तू एकटी नको येऊ, दोघं या. मूल होत नाही तर दोघांचं रक्त, हा सरांचाच नियम. भाऊजी कसे तयार झाले कोण जाणे, पण झाले. ज्या सकाळी ते आले त्या सकाळी सर तपासणीची किट आणायला आठवडाभर नागपूरला गेले होते. ताई आधीच येऊन बसली होती. भाऊजी आठला सायकलवरून आले, शर्टाला लोखंडाच्या भुकटीचा वास, डोळे लाल.

"लवकर घे साळीबाई," ते म्हणाले, "डोळे मिटून राहिले."

मला वाटलं सुईला भ्याले. मी हसले, आणि हसता हसता रक्त घेतलं. प्रश्न एकही विचारला नाही. दाढी किती दिवसांनी, सकाळी जाग येते तेव्हा कसं असतं, बायकोजवळ जावंसं वाटतं का, हे सगळं मी भाऊजींना विचारू? मेहुणीनं? माझी जीभच उचलली नाही. आणि त्यातच एक साधा प्रश्न होता, रात्री झोपले होते का, तोही त्या लाजेत गेला.

दोन दिवसांनी प्लेट लावली. भाऊजींचा खळगा गडद पिवळा. मी आकडा दोनदा पाहिला. कमी! ताईच्या रक्ताची प्लेट अजून लागायची होती, पण मला तिची गरजच वाटली नाही. संध्याकाळी मी धावतच घरी गेले आणि उंबऱ्यातूनच ओरडले, "आई, ताईत काही नाही! त्यांच्यात आहे!"

आईनं पाच वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. आणि दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात, चार बायकांसमोर, ताईच्या सासूला तो श्वास ऐकवला. "आमच्या पोरीले काहून दोष देता? तुमच्या पोराचं रक्त पाहा."

तिसऱ्या दिवशी ताई पेटी घेऊन आमच्या दारात. भाऊजींनी तिला हात लावला नाही, रागे भरले नाहीत, एवढंच म्हणाले, "तू तुझ्या आईकडं जा. मले आता कारखान्यात तोंड दाखवाले जागा नाही." ताईनं माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत तरी होतं गं."

सर नागपूरहून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, वर हेही की रिपोर्ट बरोबर आहे, पडताळ्याची कंट्रोल सँपलं बरोबर लागली, मशीन बरोबर आहे.

त्यांनी थर्माकोलचा डबा खाली ठेवला. "प्रश्न विचारले?"

"नाही."

"कुठून आला होता तो? घरून का कारखान्यातून?"

लोखंडाचा वास, लाल डोळे, 'डोळे मिटून राहिले', सगळं एकदम माझ्यापुढे उभं राहिलं. "रात्रपाळी करून," मी म्हटलं.

"त्याची ते रात्र होती," सर म्हणाले. "तू त्याच्या रात्रीचं रक्त काढलं अन् सकाळ म्हणून वाचलं. वरून एकाच कागदात निकाल." मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "जा. ज्या तोंडानं सांगतलं त्याच तोंडानं सांगून ये. चाल, मीही येतो."

मी सायकलवर, सर त्यांच्या लुनावर. पुरानी बस्तीपर्यंत ते माझ्या मागे मागे, माणूस चालेल इतक्या सावकाश. घरात शिरलो तर सासू तांदूळ निवडत होती, भाऊजी खाटेवर. सरांनी नमस्कार केला आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

मी म्हटलं, "मावशी, चूक भाऊजींच्या रक्तात नाही, माझी आहे. ते रात्रपाळी करून आले होते. जागलेल्या माणसाचं सँपल घ्यायचं नसतं, विचारायचं असतं. मी विचारलं नाही."

"काहून नाही विचारलं?"

"भाऊजी आहेत. लाज वाटली."

"अन् आईले सांगाले नाही वाटली?"

"वाटायला पाहिजे होती, मावशी."

सासू ताट खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे माझं पोरगं ठीक आहे?"

"माहीत नाही, मावशी."

"मंग सुनेत दोष आहे?"

"तेही माहीत नाही."

"एवढी शिकली अन् माहीत नाही म्हणते!"

"हे आजच शिकली ती," सर म्हणाले. आणि एकदा तोंड उघडल्यावर ते कशाला थांबतात? स्टूल ओढून सासूपुढे बसले. भाऊजी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात विचारलंच, "मावशी, तुमची पाळी गेली तेव्हा रात्री पंखा कोणाच्या बाजूनं होता?"

मी डोळे मिटले. आता तांदळाचं ताट सरांच्या डोक्यात बसतं.

सासूनं पदर सावरला. तिनं सरांकडे पाहिलं, आणि ती एकदम हसली. "पंखा? थंडीत दार उघडं टाकून बसत होती मी. आंगातून असा भपका निघे. दोन वर्सं. एक दिवस वरणाचं गंज उचलून अंगणात फेकलं, भरलेलं. ह्याचे बाबा म्हणे, आंगात देवी आली."

"देवी नाही मावशी. हार्मोन कमी झाले होते. सगळ्याच बायांचे होतात त्या वयात. तुमचं डोकं ठिकाणावर होतं."

"मले कोणी सांगतलं नाही," सासू म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "नवरा होता तोवर सांगाचं होतं कोणी." मग हळूच, "त्या वयात होते ना ते? मंग सुनेले आताच काहून? ते पण दार उघडं टाकते. कपाळ धरून बसते सकाळ-संध्याकाळ. मी म्हणे, नाटक."

सरांचे कान उभे राहिले. "कपाळ दुखते? अजून काय?"

सासूनं आतल्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "धुणं मीच वाळू टाकते. तिच्या ब्लाउजले डाग असते, दुधासारखे. पोर नाही अन् दूध कुठलं? मी भ्याली. वाटे, कोणी काही केलं. कोणाले बोलली नाही."

सर स्टुलावरून असे उठले की स्टूल आडवं झालं. "भोपाळ!" ते ओरडले. पाणी घेऊन येणाऱ्या भाऊजींच्या हातातला लोटा हिंदकळला. "बीएस्सीबाई, भोपाळ! दुसराच आदेश काढून राहिलं ते! फॅक्टरी बंद नाही, फॅक्टरीले चूक आदेश!" सासूला काही कळलं नाही, पण तिला सरांचा चेहरा कळला. तिनं विचारलं, "म्हणजे याले औषध आहे?"

"असू शकते. आधी पाहू द्या. एकदा पाहून बोलत नाही आम्ही."

निघताना मी भाऊजींना म्हटलं, माफ करा. ते म्हणाले, "सुटी टाकतो आठ दिवस. झोपून येतो यावेळी."

आले. दोघं एका बाकावर, सासू मध्ये. सासूनं स्वतः येऊन आईच्या घरून ताईला उचललं होतं, भाजीबाजारातूनच नेत. ज्या बायकांनी ऐकलं होतं त्यांना दिसावं म्हणून. दारात उभं राहून आईला म्हणाली, "तुमच्या पोरीनं येऊन चूक कबूल केली. माझी मी करून राहिली." यावेळी प्रश्न सरांनी विचारले, भाऊजींना दार लावून, आणि दाढीचा मात्र गल्लीभर आवाजात. भाऊजी लाजत म्हणाले, रोज.

त्यांचा खळगा फिका आला, म्हणजे हार्मोन पुरेसं. आठवड्यानं पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा फिका. ताईच्या प्लेटवर सर आणि मी वाकलो होतो. बाईचं हार्मोन कमी. त्याला कामाला लावणारे आदेशही कमी. आणि दूध आणणारं जे हार्मोन, तिथं सरळ हिशोब, जास्त तितका गडद, त्याचा रंग इतका चढला की मशीननं आकडा द्यायचं नाकारलं, सँपल पातळ करून पुन्हा लावावं लागलं. मी सरांच्या आधी ओरडले. नंतर लाज वाटली, बहिणीच्या आजारावर असं ओरडतात का? पण आजाराला नाव मिळालं होतं! नाव मिळालेल्या गोष्टीला दिवाळीपर्यंतची मुदत देता येत नाही.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला. पिट्युटरीवर तुरीच्या दाण्याएवढी गाठ, साधी, कॅन्सरची नाही. आठवड्यातून दोनदा गोळी, गाठ बसते, दूध थांबतं, आदेश पुन्हा सुरू होतात. मूल होईल का, ताईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आधी पाळी येऊ द्या. राजनांदगावच्या मुलीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही, पण 'बरं झालं' असं मी आधीच म्हटलं नाही, सरांनीही नाही. नुसती वाट पाहिली. पहिला महिना काही नाही. डोकं दुखायचं थांबलं तेवढं. दुसरा महिना अर्धा गेला.

एका सकाळी लॅबमध्ये गर्दी होती. बाकावर जागा नव्हती. फोन वाजला, मी उचलला. पलीकडून इतक्या जोरात आवाज आला की मी फोन कानापासून दूर धरला, आणि सगळ्या बाकानं तो ऐकला.

"आली! अवं पोरी, आली! माझ्या सुनेची पाळी आली!"

सर सुई हातात घेऊन थबकले. "कवा? कवा आली?"

"पहाटे!" सासू ओरडली. ती बाहेरच्या टेलिफोन बूथवरून बोलत होती, मागे गाड्यांचे हॉर्न, कोणीतरी हसत होतं. "शिरा केला मी! काजू टाकून! ते चुलीजवळ बसून खाऊन राहिली, मीच बसवलं. आमच्या घरात चार दिवस चुलीकडं फिरकत नाही कोणी, माझी सासू पण फिरकली नाही, मी पण नाही. मी म्हटलं, आज बस! आज तर बसच!"

बाकावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, क्या हुआ, लड़का हुआ क्या? शेजारच्या बाईनं त्याला मोठ्यानं सांगितलं, "नहीं बाबा, उससे पहले वाला." आणि ती टाळी वाजवून हसली.

"तुले काजू पाहिजे का?" सासू फोनवर विचारत होती. "डब्यात आणू?"

मला हो म्हणायचं होतं. त्याआधीच सरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि गल्लीभर आवाजात म्हणाले, "आणा मावशी! साडेनऊच्या आत आणा!"